दार उघडण्यासाठी दिलेली किल्ली

जानेवारी १९२९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या करविषयक समितीपुढे आयातशुल्काच्या नव्या कायद्यावर सुनावणी सुरू झाली, आणि त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांची सही व्हायला १७ जून १९३० उजाडला. मधल्या दीड वर्षात साखरवाल्यांपासून लोकरवाल्यांपर्यंत ज्याला म्हणून परदेशी मालाचा जाच होता, असा प्रत्येक धंदा आपले गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनला येऊन गेला. खासदारांनी आपापली मते एकमेकांच्या वस्तूंना देऊन हजारो बाबींचे दर ठरवले. सही करू नका असे विनवणारे पत्र १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी हूवर यांना पाठवले, त्याचा उपयोग झाला नाही. स्मूट आणि हॉली या दोन खासदारांच्या नावाने ओळखला जाणारा तो कायदा जागतिक मंदी अधिक खोल करणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे.

आता २०२५ चा ऑगस्ट आठवा. रशियाकडून तेल घेतल्याचे कारण देऊन ६ तारखेला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची एका कार्यकारी आदेशावर सही झाली आणि २७ तारखेपासून बहुतांश भारतीय मालावरचे आधीचे २५ टक्के जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेले. त्यासाठी सुनावणी झाली नाही, सभागृहात मतदान झाले नाही, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही कारखानदाराने त्या वाढीची मागणीही केलेली नव्हती.

दोन्ही प्रसंगी दर चढाच होता. बदलला तो दर लावणारा हात, आणि बदलले ते दर लावण्यामागचे कारण. १९३० मध्ये शुल्क ही घरातली बाब होती आणि ती लोकप्रतिनिधींच्या हाती होती. २०२५ मध्ये ते परराष्ट्र धोरणाचे हत्यार झाले होते आणि एका माणसाच्या मुठीत होते. अमेरिकेने मुक्त व्यापाराचे तत्त्व अलीकडे अचानक सोडले, किंवा हा सारा एका विक्षिप्त नेत्याच्या लहरीचा खेळ आहे, असे आपल्याकडे बोलले जाते. मला हे दोन्ही समज अपुरे वाटतात. ज्या अधिकारांच्या बळावर आज दार धाडकन लावले जाते, ते अधिकार गेल्या नव्वद वर्षांत राष्ट्राध्यक्षांना मुख्यतः दार उघडण्यासाठीच मिळाले होते, आणि ते देणाऱ्यांत मुक्त व्यापाराचे कट्टर समर्थक आघाडीवर होते.

मुळात ते तत्त्व अमेरिकेच्या जन्मापासूनचे नाहीच. नव्या प्रजासत्ताकाने केलेल्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक आयातशुल्काचा होता. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १७८९ रोजी सही केली. पुढे यादवी युद्धापर्यंत केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग बंदरांतल्या जकातीतूनच येत असे. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ च्या डिसेंबरात कारखानदारीवरचा अहवाल काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, सादर केला आणि बाल्यावस्थेतल्या उद्योगांना सरकारने हात दिला पाहिजे असे त्यात मांडले. उत्तरेकडच्या कारखानदारांना ते मानवले, पण कापूस विकून इंग्लंडचा माल घेणाऱ्या दक्षिणेला ते बोचले. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने हे शुल्क आपल्या हद्दीत लागूच होणार नाही असे जाहीर केले, तेव्हा अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य पाठवण्याची धमकी दिली होती. यादवी युद्धात उत्तर जिंकली आणि तिच्यासोबत चढे शुल्कही जिंकले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शुल्कपात्र मालावरचा सरासरी दर बहुतेक काळ चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला. त्याच युद्धात दक्षिणेची बंदरे रोखली गेल्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा उन्माद माजला आणि १८६५ मध्ये तो फुटला, ही हकिकत मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या युद्धाच्या कारणांत गुलामगिरीपाठोपाठ शुल्काची भांडणेही मिसळलेली होती, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकार अर्थकारणापासून दूर होते, हेही अर्धसत्य आहे. कर्मचारी थोडे आणि खर्च कमी, हे खरे. पण जेफरसन यांनी १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला, ते परराष्ट्र धोरण होते की आर्थिक? १८६२ च्या कायद्याने कसू इच्छिणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही अंगांनी जमिनी बहाल झाल्या. ती जमीन मूळ रहिवाशांकडून तहांनी, फसवणुकीने आणि बंदुकीने घेतलेली होती. राज्यसंस्था जमीन वाटत होती, म्हणून तिला रोख पैसा फारसा लागत नव्हता इतकेच. बाहेरच्या जगाशी कायमच्या आघाड्या करू नका, हा वॉशिंग्टन यांचा १७९६ चा उपदेश पाळणेही त्यामुळे सोपे होते, कारण विस्ताराला खंडातच जागा होती. मन्रो यांनी १८२३ मध्ये युरोपला पश्चिम गोलार्धात नव्या वसाहती करू नका असे बजावले खरे, पण त्या बजावणीमागे बरीच वर्षे धाक होता तो ब्रिटिश आरमाराचा.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा धागा पुण्यापर्यंत येतो. फ्रीडरिश लिस्ट हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ १८२५ मध्ये अमेरिकेत गेले, काही वर्षे पेनसिल्व्हेनियात राहिले आणि तिथल्या संरक्षणवाद्यांच्या सहवासात त्यांचे विचार पक्के झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे सांगितले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो याच लिस्ट यांचा. त्या काळात अमेरिका स्वतःच्या गिरण्यांभोवती भिंत बांधत होती, आणि भारत सरकार इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणीवाल्यांच्या आग्रहाखातर कापडावरची जकात काढून टाकत होते. एवढेच नाही, तर १८९६ मध्ये आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तेव्हा अमेरिका हे संरक्षक धोरणाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे दाखवले जात असे. शंभर वर्षांनी तीच अमेरिका आपल्याला खुल्या बाजाराचे धडे देत होती.

१८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाने अमेरिकेला फिलिपिन्स, प्वेर्तो रिको आणि ग्वाम मिळाले, पुढे पनामाचा कालवा झाला आणि १९१७ मध्ये ती महायुद्धात उतरली. या साऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने त्या काळातली निर्णायक घटना शांतपणे घडली. १९१३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला प्राप्तिकर लावण्याचा मार्ग मोकळा झाला. महसूल प्राप्तिकरातून येऊ लागला आणि आयातशुल्कावर तिजोरी भरण्याचे ओझे उरले नाही. एकदा त्या ओझ्यातून सुटल्यावरच ते मुत्सद्देगिरीच्या कामाला जुंपता येणार होते.

तसे जुंपले कॉर्डेल हल यांनी. टेनेसी राज्यातून आलेले, रूझवेल्ट यांचे परराष्ट्रमंत्री झालेले हे गृहस्थ चढ्या शुल्कांमुळेच राष्ट्राराष्ट्रांत वैर वाढते असे मनापासून मानत. १९३० च्या कायद्याची शोभा सगळ्यांनी पाहिली होती. खासदारांच्या हाती दर ठेवले की प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघातला धंदा सांभाळतो आणि देशाचे हित वाऱ्यावर जाते, हा धडा त्यातून निघाला होता. म्हणून १२ जून १९३४ च्या परस्पर व्यापार करार कायद्याने राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला की त्यांनी दुसऱ्या देशाशी करार करून शुल्क निम्म्यापर्यंत उतरवावे, आणि अशा प्रत्येक कराराला सिनेटची मंजुरी लागू नये. हा अधिकार तीन वर्षांपुरता होता. तो पुन्हा पुन्हा वाढवला गेला, आणि स्मूट-हॉलीनंतर काँग्रेसने वस्तूवार दरपत्रक पुन्हा कधी स्वतः लिहिले नाही.

हा बदल चांगलाच होता असे कोणी म्हटले, तर मी लगेच नाकारणार नाही. १९४७ मध्ये भारतासह २३ देशांनी केलेला गॅट हा शुल्क आणि व्यापाराविषयीचा करार अमेरिकेपुरता याच अधिकारावर उभा राहिला. काँग्रेसने त्याला रीतसर मंजुरी दिलेली नव्हती. उलट ज्या आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेसाठी काँग्रेसची संमती हवी होती, तिचा प्रस्ताव १९५० मध्ये ट्रुमन प्रशासनाने गुंडाळून ठेवला. म्हणजे युद्धोत्तर खुल्या व्यापाराची इमारत अमेरिकी लोकप्रतिनिधींना वळसा घालून बांधली गेली. इमारत टिकली, लाभली, जग श्रीमंत झाले. पण पायाचा हा दगड तेव्हा कोणी ठोकून पाहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने आणखीही एक गोष्ट केली. घर आणि बाहेर यांतली भिंत त्याने पाडली. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ४४ देश जमले, त्यात भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात लंडनला साचलेल्या भारताच्या पौंडांचे काय, हा प्रश्न या शिष्टमंडळाने लावून धरला. तो परिषदेच्या कक्षेत येत नाही असे उत्तर मिळाले. डॉलर सोन्याला बांधला गेला, ३५ डॉलरला एक औंस, आणि बाकीची चलने डॉलरला. त्यानंतर अमेरिकेचा व्याजदर किंवा तुटीचा अर्थसंकल्प केवळ तिचा घरगुती मामला राहिला नाही. युरोपच्या पुनर्उभारणीसाठीच्या मार्शल योजनेचे सुमारे १,३०० कोटी डॉलर तिकडे गेले, त्यातून युरोपने अमेरिकी माल घेतला. देशभरच्या महामार्गांसाठी १९५६ मध्ये पैसा मंजूर झाला, तेव्हा त्यांच्या अधिकृत नावात संरक्षण हा शब्द घालण्यात आला. इंटरनेटचा पूर्वज असलेले जाळेही संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ मध्ये सुरू झाले. शीतयुद्धाच्या नावाखाली अमेरिकी सरकारने अर्थकारणात जेवढे हात घातले, तेवढे समाजवादाच्या नावाखाली त्याला कधी घालता आले नसते.

या एकजीव कारभाराचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या ताटात पडले होते. सत्तरी ओलांडलेल्या कोणाही मराठी माणसाला मिलो हा शब्द विचारून पाहा. साठच्या दशकात आणि पुढे बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या दुकानात मिळणारी ती तांबडी ज्वारी. भाकरी थापताना तिला चिरा जात, रंग मातकट येई आणि खाताना घास घशाशी अडे. टेक्सास-कॅन्सासकडे हे धान्य मुख्यतः गुरांसाठी पिकवतात, हे कळल्यावर तो घास आणखीच अडत असे. ते धान्य इथवर येण्याची गोष्ट १९३३ पासून सुरू होते. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा रूझवेल्ट सरकारने शेतकऱ्याला आधारभाव देण्यासाठी एक सरकारी महामंडळ काढले. आधारभाव मिळाल्यावर शेतकरी पिकवत राहिला आणि सरकार साठवत राहिले. पन्नाशीच्या दशकात कोठारे इतकी भरली की साठवणुकीचा खर्चच डोईजड झाला. यावर उपाय म्हणून १० जुलै १९५४ रोजी आयसेनहॉवर यांनी ज्यावर सही केली तोच पीएल ४८० हा कायदा. त्याच्या पूर्ण नावात आधी कृषी व्यापाराचा विकास येतो आणि मग साहाय्य, आणि ही शब्दांची क्रमवारी प्रामाणिक आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने अशा मालापैकी किमान निम्मा अमेरिकी जहाजांतूनच जावा असे ठरवले. शेतकरी खूश, जहाजवाले खूश आणि भुकेला देश उपकृत.

उपकृत देशाला दोर किती लांब द्यायचा, हे मग परराष्ट्र धोरण ठरवू लागले. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे आपल्याकडे पावसाने दगा दिला. भारत व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर टीका करत होता, आणि लिंडन जॉन्सन धान्याची जहाजे एकेक महिन्याच्या हिशेबाने, स्वतः लक्ष घालून सोडत होते. शेतीधोरण बदला, चलनाचे अवमूल्यन करा, असे दडपण होते. ६ जून १९६६ रोजी रुपया डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर आला. त्या धान्याने लाखो जीव वाचले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण अमेरिकी शेतकऱ्याचा आधारभाव, जहाज कंपनीचे भाडे, व्हिएतनामचे युद्ध आणि रुपयाचा दर यांची एकाच दोरीला गाठ बसली होती आणि तिचे टोक राष्ट्राध्यक्षांच्या मेजावर होते. धान्यापोटी भारताने भरलेले रुपये इथेच इतके साचले की १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी राजदूतांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. गहू संपला, हिशेब मिटला. त्या गव्हासोबत आले असे मानले जाते ते गाजरगवत तेवढे आपल्या बांधांवर राहिले. आपले शेतकरी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्यातली काँग्रेस अर्थातच आपली, वॉशिंग्टनची नव्हे.

किल्ली उलटी फिरू शकते, हे दिसले १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री. रिचर्ड निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी नाते तोडले, वेतन आणि किमती ९० दिवस गोठवल्या आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. हे सगळे एका रिपब्लिकन, म्हणजे नावापुरत्या तरी बाजारवादी, अध्यक्षाने एका भाषणात केले. अधिभाराविरुद्ध खटला झाला, तेव्हा सरकारने १९१७ चा शत्रुराष्ट्रांशी व्यापार करण्याबाबतचा युद्धकालीन कायदा पुढे केला. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी बँका बंद ठेवल्या त्याही याच कायद्याच्या आधारे. अपिलीय न्यायालयाने १९७५ मध्ये निक्सन यांची बाजू उचलून धरली. दोन वर्षांनी काँग्रेसने या अधिकारांना लगाम घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय आर्थिक आणीबाणीचा नवा कायदा केला, पण त्यात आयातीचे नियमन करण्याबाबतची जुनी शब्दरचना तशीच उतरली. २०२५ ची शुल्के उभी राहिली ती याच १९७७ च्या कायद्यावर. त्यात शुल्क हा शब्दसुद्धा नाही, याकडे बोट दाखवून मे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन न्यायालयांनी सरकारविरुद्ध निकाल दिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मात्र या कायद्याचा आधार काढून घेतला तरी १९६२ आणि १९७४ चे व्यापार कायदे उरतातच. केनेडी यांच्या काळात युरोपशी शुल्ककपातीची बोलणी करता यावीत म्हणून झालेल्या १९६२ च्या कायद्यातच राष्ट्रीय सुरक्षेचे एक कलम आहे. त्याच्या आधारे २०१८ मध्ये नाटोतल्या मित्राच्या, म्हणजे कॅनडाच्या, पोलादावर २५ टक्के शुल्क बसले.

रेगन यांच्यापासून २००८ पर्यंतच्या काळाविषयी आपल्याकडे सर्वाधिक भाबडेपणा आहे, कारण आपले स्वतःचे उदारीकरण त्याच काळातले. सरकार हीच समस्या आहे असे रेगन १९८१ मध्ये म्हणाले. त्याच वर्षी जपानने आपल्या मोटारींची निर्यात आपखुशीने मर्यादित ठेवावी अशी व्यवस्था झाली. ती खुशी किती आपली होती हे जपान्यांना विचारावे. १९८९ मध्ये भारताला जपान आणि ब्राझील यांच्यासोबत बसवून अनुचित व्यापारी देश ठरवण्यात आले. त्या काळातली खरी श्रद्धा चीनविषयी होती. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. तो श्रीमंत होईल आणि आपल्यासारखा होईल, असे वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्ष मानत होते. पहिले झाले. अमेरिकेतल्या कारखान्यांतली रोजगारसंख्या २००० मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर होती, ती २०१० मध्ये १ कोटी २० लाखांच्या खाली आली. सगळेच रोजगार चीनने नेले नाहीत, यंत्रांनीही नेले; पण ज्या गावाची गिरणी बंद पडते तिथे हा फरक कोणी करत बसत नाही, हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्यातच २००८ मध्ये बँका बुडू लागल्यावर ७०० अब्ज डॉलरची तरतूद दोन आठवड्यांत झाली. सरकारला हवे तेव्हा पैसा असतो, आपल्यासाठी नसतो, हा निष्कर्ष त्या गावांनी काढला, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

म्हणून लहरीचा सिद्धांत मला पटत नाही. चिनी मालावरची २०१८ ची शुल्के बायडेन यांनी काढली नाहीत, काही वाढवली. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने अर्धवाहक, म्हणजे चिप बनवणाऱ्या, उद्योगासाठी ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली आणि दोन महिन्यांनी चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध आले. पुढे ट्रम्प सरकारने २०२५ मध्ये इंटेल कंपनीत सुमारे १० टक्के भागभांडवलच घेतले. पक्ष कोणताही असो, हॅमिल्टन परत आले आहेत. फरक इतकाच की हॅमिल्टन यांना आपला अहवाल काँग्रेसपुढे ठेवावा लागला होता आणि तिने त्यातले घ्यायचे ते घेतले, टाकायचे ते टाकले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काँग्रेसच्या हाती किल्ली होती तेव्हा तिने १९३० चा गोंधळ घातला, मग ती पुन्हा तिच्याकडे देऊन काय मिळणार? दर कमी होतील असे मी म्हणत नाही, कदाचित वाढतीलही. पण शेकडो खासदारांनी भांडून ठरवलेला दर रातोरात बदलत नाही, आणि व्यापाऱ्याला चढ्या दरापेक्षा जास्त घाबरवतो तो उद्या कुठला दर असेल हे न कळणे. अमेरिकी अध्यक्षाशी हस्तांदोलन करून केलेला करार हा त्या पदावर बसलेल्या माणसाशी केलेला करार असतो, ही गोष्ट दिल्लीने आपल्या हिशेबात धरली पाहिजे. जून २०१९ मध्ये भारताची शुल्कसवलत एका घोषणेने गेली होती. तेव्हाही दोन्ही देशांचे संबंध उत्तमच असल्याचे सांगितले जात होते.

अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात हिरे जडवलेले दागिने घडतात आणि त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका आहे. तिथल्या कारखानदाराचा रशियाच्या तेलाशी कसलाही संबंध नाही. त्याने ते घेतले नाही, शुद्ध केले नाही, विकले नाही. १९२९ मध्ये परदेशी घड्याळांचे अमेरिकेतले आयातदार निदान समितीपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडू शकले होते, परदेशी सरकारांनी निषेधाची पत्रे धाडली होती, आणि ते सारे छापील नोंदींत आले होते. १९६२ आणि १९७४ च्या कायद्यांतल्या बहुतेक कलमांखाली शुल्क लावायचे, तरी आधी चौकशी करावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या आदेशाआधी चौकशीची अटच नव्हती. माझा यात काय दोष, एवढे विचारणारा अर्ज सीप्झमधल्या त्या माणसाला द्यायचा असता, तर तो घेणारी खिडकीच वॉशिंग्टनमध्ये नव्हती.